वहीतला ३६ आणि स्वयंपाकघरावरचा स्लॅब

वाचकाचं पत्र:

माझं वय ६४. कराडजवळच्या गावात राहते. माध्यमिक शाळेतून निवृत्त झाले, ३१ हजार पेन्शन येते, एकटीचा घरखर्च त्यात भागतो. यजमान वीज मंडळात होते. गेल्या श्रावणात ते गेले. त्यांनी वीसेक वर्षांत थोडे थोडे करून घेतलेले शेअर दिवाळीनंतर माझ्या नावावर झाले. पॉवर ग्रिड १६०० (मूळ ९००, बाकी बोनसचे), एनटीपीसी ६००, एनएचपीसी २००० आणि पॉवर ग्रिड इन्व्हिटची (वीजवाहिन्यांच्या गुंतवणूक ट्रस्टची) ११०० युनिटं. बँकेत तीन लाखांची एफडी आहे, ती दुखण्याखुपण्यासाठी ठेवली आहे.

ह्यांची एक लाल बाइंडिंगची वही आहे. आलेला प्रत्येक डिव्हिडंड त्यात तारखेनिशी लिहिलाय. पॉवर ग्रिडचा डिव्हिडंड कमी झालेला दिसतो. इन्व्हिट १०० ला घेतलं होतं, ते आता १०० च्या खाली आहे. मुलगा म्हणतो, 'हे म्हातारे शेअर आहेत, सगळे विकून म्युच्युअल फंडात टाक.' दीर म्हणतात, 'सरकारी कंपन्या आहेत, घरबसल्या पैसे येतायत, हात लावू नका.' येत्या दिवाळीनंतर स्वयंपाकघरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा आहे, गवंड्याने साडेतीन लाख सांगितलेत. मुलाकडे मागायला नको वाटतं. पण शेअर विकायचं म्हटलं की ह्यांनी जमवलेलं मोडतेय असं होतं. काय करू?

— एक वाचक, कराड

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रासोबत वहीच्या दोन पानांचे फोटो आलेत. एनएचपीसीच्या पानावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय, '३६ आला की विकणे', आणि खाली दोन रेघा. त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. तिच्याकडे येतोच. आधी मुलाला आणि दिरांना जे म्हणायचंय त्याचा निकाल लावू.

दोघेही चारही कागदांना एकाच मापाने मोजतायत. एकाला सगळे म्हातारे वाटतात, दुसऱ्याला सगळे सरकारी. पण या चार कागदांवर येणारा पैसा एकाच विहिरीचा नाही. कुठला ठेवायचा आणि कुठला विकायचा हे तो पैसा कुठून येतो आणि तुम्हाला तो कधी लागणार आहे, या दोन गोष्टींवरून ठरवावं असं माझं मत आहे.

पॉवर ग्रिडपासून सुरुवात करू, कारण तुमचा जवळजवळ निम्मा पैसा तिथेच आहे. देशभर वीज वाहून नेणाऱ्या या कंपनीच्या बऱ्याचशा लाइन्सची कमाई केंद्रीय वीज नियामक आयोग ठरवून देतो. समजा १०० कोटींची लाइन उभी केली. त्यातले ७० कोटी कर्ज आणि ३० कोटी कंपनीचं भांडवल असं धरतात. कर्जाचं व्याज, घसारा, देखभालीचा खर्च दरातून वसूल होतो आणि वर त्या ३० कोटींवर वर्षाला १५.५ टक्के परतावा मिळतो. एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या लाइन्सना १५ टक्के. लाइनमधून वीज किती वाहिली याला महत्त्व नाही, लाइन ठरलेल्या प्रमाणात उपलब्ध असली की पुरे. वीज तयार करणाऱ्या एनटीपीसीचंही बरंचसं असंच. औष्णिक संच ८५ टक्के उपलब्ध असेल तर स्थिर आकार, म्हणजे संच उभा ठेवल्याचा ठरलेला मोबदला, पूर्ण मिळतो, मग त्या महिन्यात कुणी वीज उचलो वा न उचलो. म्हणून या कंपन्यांचा नफा एकदम उडी मारत नाही आणि एकदम कोसळतही नाही. मुलगा ज्याला म्हातारपण म्हणतो ते हे.

वर सरकारचा नियम आहे. केंद्र सरकारच्या कंपन्यांनी नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या (देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेच्या) ४ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढा डिव्हिडंड द्यायचा. २०१६ च्या नियमात हा दुसरा आकडा ५ टक्के होता, नोव्हेंबर २०२४ मध्ये तो ४ झाला. या कंपन्यांत सर्वांत मोठा भागधारक सरकारच आहे आणि त्यालाही पैसा हवा असतो. दिरांचा भरवसा अगदीच हवेतला नाही, तो एवढ्यासाठी.

पण डिव्हिडंड म्हणजे भाडं नव्हे. भाडेकरूशी करार असतो, इथे तसा काही नसतो. तुम्हाला दिसलेली घट खरी आहे. पॉवर ग्रिडने २०२३-२४ या वर्षासाठी शेअरमागे ११.२५ रुपये दिले आणि २०२४-२५ साठी ९ रुपये. तुमच्या १६०० शेअर्सवर १८,००० चे १४,४०० झाले. ही घट कंपनी आजारी पडल्याची खूण नाही. राजस्थान आणि गुजरातेतली सौर वीज देशभर न्यायची तर प्रचंड लांबीच्या नव्या लाइन्स लागतात, त्यात प्रत्येक वेळी आपल्या हिश्शाचं भांडवल घालावं लागतं. जो पैसा वाटला नाही तो तिकडे गेला. लाइन्स वेळेत उभ्या राहिल्या तर त्या भांडवलावरही परतावा सुरू होईल. रेंगाळल्या तर पैसा अडकून पडेल, कारण लाइन चालू होईपर्यंत परतावा नाही. मला स्वतःला डिव्हिडंड म्हणून वाटून टाकलेल्या दोन रुपयांपेक्षा चांगल्या लाइनमध्ये गेलेले दोन रुपये आवडतात. पण ज्याचं घर डिव्हिडंडवर चालतं त्याने असं म्हणू नये. तुमचं पेन्शनवर चालतं, म्हणून तुम्हाला हे परवडतं.

वहीत आणखी एक हिशोब दिसला. काही शेअर ५२ रुपयांनी, बाकीचे ९० ने, मिळून गुंतवणूक ६९,६०० आणि त्यावर डिव्हिडंड 'टक्के २०'. आकडा चूक नाही, तरी आज निर्णयाला तो चालणार नाही. ५२ आणि ९० चे दिवस गेले. मोजणीसाठी आजचा भाव २९० धरू. तुमच्या १६०० शेअर्सचे ४ लाख ६४ हजार होतात आणि त्यावर १४,४०० म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्याही आत. हेच पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत असते तर मी हे लिहितोय त्या वेळच्या ८.२ टक्क्यांनी वर्षाला ३८ हजार आले असते. म्हणजे महिन्याच्या मिळकतीसाठी म्हणून हे शेअर ठेवायचे असतील तर ते कारण टिकत नाही. ठेवायचे ते एवढ्यासाठी की बचत योजनेतले ३८ हजार पाच वर्षांनीही ३८ हजारच असतील आणि कंपनीचा धंदा त्या काळात वाढलेला असेल. तुम्ही ६४ च्या आहात. पुढची वीस-पंचवीस वर्षं गॅस, औषधं, मोलकरणीचा पगार वाढत जाणार. पैशाचा काही भाग वाढणाऱ्या ठिकाणी असायलाच हवा.

आता एनएचपीसी, ही जलविद्युत कंपनी. २००९ मध्ये ३६ रुपयांनी आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, आला. लिस्टिंगनंतर लवकरच भाव ३६ च्या खाली गेला आणि दहा वर्षांहून अधिक काळ खालीच राहिला. तुमच्या यजमानांनी आयपीओत ७०० घेतले, मग १९-२० ला आणखी १३००. 'आपला भाव आला की सुटू' ही भावना बाजारात सगळ्यांना होते, मलाही झालीये. पण कंपनीला आपला भाव माहीत नसतो. ती का रखडली हे वीज मंडळातल्या माणसाला ठाऊक असणार. जलविद्युत प्रकल्प डोंगरात, नदीवर आणि लोकांच्या जमिनीवर उभा राहतो. अरुणाचल-आसाम सीमेवरच्या सुबनसिरी प्रकल्पाचं काम २०११ च्या अखेरीपासून २०१९ पर्यंत ठप्प होतं. तेवढी वर्षं त्यातलं भांडवल निजून राहिलं.

नंतर ३६ आला, गेला, भाव दुपटीच्याही वर गेला, आणि वहीतल्या त्या ओळीवर काट मारली गेली नाही. ताई, हे शेअर विकणं म्हणजे त्यांनी जमवलेलं मोडणं नव्हे. त्यांना ते विकायचेच होते, त्यांच्याच अक्षरात लिहिलंय. डिव्हिडंड म्हणाल तर २०२४-२५ साठी शेअरमागे १.९१ रुपये, २००० शेअर्सवर ३,८२०. भाव ८० धरला तर १ लाख ६० हजार मिळतील. चौघांतला पहिला विकायचा तो हा, आणि तो येत्या मार्चअखेरीच्या आत.

मार्च का, तर कर. वर्षभराहून जास्त काळ ठेवलेल्या शेअर्सच्या विक्रीवर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे, त्यावरच्या नफ्याला १२.५ टक्के. वारसाने आलेल्या शेअर्सना यजमानांची खरेदीची तारीख आणि किंमतच धरतात, तुमच्या नावावर झाल्याची नाही. एनएचपीसीची सरासरी खरेदी २५ च्या आसपास धरली तरी नफा १ लाख १० हजार, सवलतीच्या आत. मग एप्रिल उजाडला की सव्वा लाखाची नवी सवलत सुरू होते, तेव्हा पॉवर ग्रिडचे ६०० विका. २९० ने १ लाख ७४ हजार. दोन्ही मिळून ३ लाख ३४ हजार, आणि उरलेलं वर्षाच्या डिव्हिडंडमधून भरेल. स्लॅबचे पैसे झाले.

विकलेले पैसे सरळ दिवाळीच्या आत मुदत संपेल अशा एफडीत टाका. दहा महिन्यांनी गवंड्याला द्यायची रक्कम बाजारात ठेवायची नाही, फंडातही नाही. मुलाचा फंडाचा विचार दूरच्या पैशासाठी ठीक आहे, या पैशासाठी नाही. आणि त्याला एवढं जरूर सांगा की निफ्टीच्या इंडेक्स फंडात पैसे टाकले तरी त्यातला काही भाग एनटीपीसी आणि पॉवर ग्रिडमध्येच जातो, कारण दोन्ही कंपन्या निफ्टीत आहेत. सगळं एकाच वर्षात विकलं तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर नाहक कर भरावा लागेल, तो वेगळाच.

पॉवर ग्रिडच्या करात एक खाच आहे, ती नीट वाचा. २०२१ आणि २०२३ मध्ये तीन शेअर्समागे एक फुकट असा दोनदा बोनस आला, म्हणून ९०० चे १२०० आणि १२०० चे १६०० झाले. बोनसच्या ७०० शेअर्सची खरेदी किंमत करासाठी शून्य, म्हणजे ते विकले की आलेली सगळी रक्कम नफा. मूळ ९०० वर मात्र ३१ जानेवारी २०१८ च्या बाजारभावाचा फायदा मिळतो, आणि तो भाव ५२ आणि ९० च्या कितीतरी वर होता. डिमॅट खात्यातून आधी आलेले शेअर आधी जातात, त्यामुळे तुमचे ६०० मूळ शेअर्समधूनच विकले गेले असं धरलं जाईल आणि नफा वाटतो त्यापेक्षा बराच कमी निघेल. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये दिसणारी सरासरी किंमत करासाठी धरू नका. विकण्याआधी गावातल्या कर सल्लागाराला वहीच दाखवा. इतकी स्वच्छ नोंद त्याला क्वचित पाहायला मिळते.

सहाशेच का विकायचे आणि एनटीपीसी का नको? कारण इन्व्हिट धरलं तर तुमच्या नऊ-सव्वानऊ लाखांतला मोठा हिस्सा वीजवाहिन्यांच्याच धंद्यात आहे. एकाच खुंटीला एवढं टांगून ठेवू नये. उरलेले १००० पॉवर ग्रिड आणि ६०० एनटीपीसी राहू द्या.

इन्व्हिटची बाब निराळी आहे आणि ती तुम्हाला कुणी नीट सांगितलेली दिसत नाही. आपल्याकडच्या उसाच्या भाषेत सांगतो. लागण होते, मग त्याच बुडख्यांवर दुसरं पीक म्हणजे खोडवा, मग तिसरं म्हणजे निडवा, आणि पुढे कधीतरी बुडखा काढावा लागतो. इन्व्हिट म्हणजे उभा असलेला ऊस. पॉवर ग्रिड इन्व्हिटकडे पाच वीजवाहिनी प्रकल्प होते. त्यांतला परळीचा आपल्या महाराष्ट्रातला, वरोऱ्याचा महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून. करार ३५ वर्षांचे, दर बोलीत ठरलेला, महागाईबरोबर तो फारसा वाढत नाही. नियमाप्रमाणे हाती येणाऱ्या रोख रकमेतली किमान ९० टक्के वाटावी लागते. म्हणून तिमाहीला युनिटमागे ३ रुपये, तुम्हाला ३,३००, आणि वर्षाला १३,२००. कागदावर हे १२ टक्के दिसतात.

पण यातला काही भाग तुमचंच भांडवल परत येतंय. दर तिमाहीला येणाऱ्या पत्रकात व्याज किती, डिव्हिडंड किती, कर्जाची परतफेड किती असे रकाने असतात. परतफेडीच्या रकान्यावर लगेच कर लागत नाही, पण तेवढी तुमची खरेदी किंमत कमी होते. म्हणून १०० चं युनिट १०० च्या खाली दिसलं की 'बुडालं' असं म्हणू नका, थोडं तुमच्या पासबुकात येऊन बसलंय. तसंच १३,२०० ला व्याजही म्हणू नका. ते सगळं खर्चलंत तर उसाबरोबर बेणंही खाल्लं असं होईल. परतफेडीचा भाग वेगळा काढून दर वर्षी एफडीत घाला. असं करणार असाल तर युनिटं ठेवा. १२ रुपये कायम राहतील अशी हमी मात्र कुणी दिलेली नाही.

रस्त्यांच्या इन्व्हिटबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी घ्यायला सांगेल म्हणून लिहितो. टोलचा करार संपला की रस्ता सरकारकडे जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा सध्याचा टोल करार एप्रिल २०३० पर्यंतचा आहे. ज्या रस्त्याचा निडवा चाललाय तिथली टक्केवारी मोठी दिसणारच.

'पायाभूत सुविधा' या नावाखाली आणखी एक जात येते, तिच्यापासून लांब राहा. माझ्या वडिलांकडे रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीचे शेअर होते. ती दर वर्षी डिव्हिडंड देई आणि दर वर्षी तिचं कर्ज वाढे. डिव्हिडंड येतोय म्हणून आम्ही घरातल्या कुणी ताळेबंद उघडला नाही. तो ज्या वर्षी थांबला तोवर भाव दहाव्या हिश्शावर आला होता आणि वडील रोज सकाळी वर्तमानपत्रातलं ते पान उघडून बोट ठेवून बघत. ती कंपनी रस्त्याची मालक नव्हती, ठेकेदार होती. ठेकेदाराला काम झाल्यावर पैसे मिळतात, मिळाले तर. लाइनच्या मालकाला लाइन उभी आहे तोवर मिळतात.

अर्थात मालकालाही पैसे देणारा ग्राहक लागतो. वीज मंडळ आणि दाभोळच्या कंपनीचा दरावरून वाद पेटला आणि २००१ मध्ये तो प्रकल्प बंद पडला, हे तुमच्या घरात नक्की बोललं गेलं असेल. त्या मानाने पॉवर ग्रिडची वसुली देशभरच्या वापरकर्त्यांकडून एकत्र होते, एखाद्या राज्याने हात आखडला तर सगळं थांबत नाही. माझं लक्ष राहील ते २०२९ कडे. आयोगाचे सध्याचे नियम मार्च २०२९ पर्यंतचे आहेत. तेव्हा तो १५.५ चा आकडा बराच खाली आला, किंवा अपुऱ्या कामांत अडकलेला पैसा वर्षामागून वर्ष फुगत गेला आणि नव्या लाइन्स चालू होईनात, तर उरलेले १००० ही कमी करायची वेळ आली असं समजा. रोजचा भाव पाहायची गरज नाही.

दोन कामं या आठवड्यातच करा. पॉवर ग्रिडचा डिव्हिडंड वर्षाला १० हजारांच्या वर जात असल्याने त्यातून १० टक्के कर आधीच कापला जातो. तुमच्या पेन्शनवर नव्या करप्रणालीत कर लागत नाही, तेव्हा विवरणपत्र भरून तो परत मागा. पुढच्या वर्षापासून कर लागत नसल्याचं ज्येष्ठ नागरिकांचं स्वयंघोषणापत्र कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) वेळेत द्या. मात्र शेअरविक्रीचा नफा त्या वर्षी सव्वा लाखाच्या वर जात असेल तर आधी कर सल्लागाराला विचारा.

दुसरं काम वहीतलं. तुम्ही पाठवलेल्या पॉवर ग्रिडच्या पानावर श्रावणानंतर एकही नोंद नाही. यजमानांचं बँक खातं बंद झालं तेव्हापासून ते शेअर तुमच्या नावावर होईपर्यंत जे डिव्हिडंड निघाले, ते परत कंपनीकडे गेले असणार. बुडालेले नाहीत. सात वर्षं कुणी मागितले नाहीत तर गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातात, मग सोडवायला फार खेटे घालावे लागतात. चारही ठिकाणच्या रजिस्ट्रारना एकेक पत्र लिहा, सोबत मृत्यू दाखला, तुमच्या खात्याचा रद्द केलेला चेक आणि डिमॅटचा उतारा जोडा. आणि त्या पानावर श्रावणाच्या पुढे तारखा घालून जागा सोडून ठेवा, पैसे आले की तिथे लिहा.